राघूंच्या भिंतीपुढची विहीर

दुपारची जेवणं उरकून उर्वशी राठोड शिलाई मशीनवर बसली होती. एका हातानं ब्लाऊजची बाही सारखी करत होती, दुसऱ्या हातानं मोबाइल चाळत होती. शेजारच्या पुंडलिकरावांच्या नातीनं, अर्पितानं, पुण्यात बसल्याबसल्या फेसबुकवर ‘जुनं राळेगाव’ नावाचं पान काढलं होतं. त्यावर ती रोज आजोबांचा एखादा फोटो टाकायची. पुंडलिकराव तरुणपणी शेती करता करता कॅमेरा गळ्यात घालून गावभर हिंडायचे. लग्नाबारशाचे फोटो त्यांनी कधी काढले नाहीत. बस स्टँडवर ताटकळलेली माणसं, जिनिंगपुढं लागलेल्या कापसाच्या बैलबंड्या, लिंबाखाली बसलेला न्हावी, बाजारात मिरच्यांचे ढीग मांडून बसलेल्या बाया, असलं सगळं टिपायचे. तेव्हा गाव म्हणायचं, ‘हा येडा कायचेही फोटो काढते.’ आता तेच गाव त्या फोटोंखाली लाल बदाम टाकत होतं.

त्या दिवशीचा फोटो विहिरीचा होता. काळापांढरा, कडेला थोडा करपलेला. विहिरीवर तीन बाया. दोघी दोर ओढताना पाठमोऱ्या, आणि तिसरी कमरेवर घागर घेऊन कॅमेऱ्याकडे पाहून खुदकन हसणारी. त्यांच्या पाठीमागं एक भिंत, भिंतीत खिडकी, आणि खिडकीच्या वर चुन्यात घडवलेले, चोचीला चोच लावलेले दोन राघू.

उर्वशीचा पायडलवरचा पाय थांबला.

ते राघू ती रोज पाहत होती. तिच्या स्वयंपाकघराच्या खिडकीतून पुंडलिकरावांची तीच भिंत दिसायची. डाव्या राघूचं डोकं कधीकाळी गळून पडलं होतं आणि दोघांवरही आता पिस्ता रंग चढला होता, पण खिडकी तीच, राघू तेच. त्या भिंतीच्या आणि तिच्या घराच्या मध्ये जेमतेम माणूस जाईल एवढी बोळ होती. बोळीत विहीर मावणार कुठं? आणि फोटोत तर विहीर भिंतीपासून चांगली लांब होती, मध्ये एक बकरी बांधलेली होती.

ती मोबाइल घेऊन स्वयंपाकघरात गेली. तिथून राघू फोटोतल्यापेक्षा फार मोठे दिसत होते. मग जिन्यानं वर स्लॅबवर गेली. मोबाइल डोळ्यांपुढं धरून मागं मागं सरकत राहिली. ऊन मी म्हणत होतं. तारेवर वाळत घातलेली साडी तोंडावर येत होती, ती बाजूला सारून पुन्हा मागं. एका जागी आल्यावर राघू बरोबर फोटोएवढे झाले. म्हणजे पुंडलिकराव इथं उभे होते. आणि विहीर त्यांच्या पुढं, चार पावलांवर.

उर्वशीनं खाली पाहिलं. चार पावलं पुढं, स्लॅबच्या खाली, तिची बैठकीची खोली होती. तिथंच तिची मशीन होती. तिथंच सासू दुपारी सतरंजी टाकून लवंडायची.

ती खाली आली, तेव्हा मानीबाई तिथंच लवंडलेली होती.

“याडी, ऊठ,” उर्वशी म्हणाली. राठोडांच्या बंजारा घरात सासूलाही आईसारखंच याडी म्हणायची रीत होती.

“कांई छ?” मानीबाई डोळे न उघडताच म्हणाली. काय आहे ग?

“ऊठ म्हनलं ना. भिंतीकडं सरक.”

संध्याकाळी धनसिंग ड्युटीवरून आला. तो एसटीत ड्रायव्हर होता, त्या दिवशी यवतमाळची फेरी करून आला होता. दारात बूट काढता काढता त्याला दिसलं की बायको गुडघे टेकून बसली आहे आणि खलबत्त्यातला बत्ता घेऊन फरशी ठोकते आहे.

“काय करून राह्यली व?”

“ऐका. इथं ऐका.” तिनं भिंतीजवळ ठोकलं. “आता इथं.” तिनं मशीनजवळ ठोकलं. “येते का नाही वेगळा आवाज?”

“मले तं सारखाच येते.”

“दिवसभर इंजिनापाशी बसता, तुमाले काय ऐकू येनार?”

तिनं फोटो दाखवला. धनसिंगनं तो बोटांनी मोठा केला, लहान केला, राघू पाहिले, बाया पाहिल्या. “असन बा इहीर,” तो म्हणाला. “जुन्या गावात कुठं नव्हती? बुजवली असन चांगली. दहा-अकरा वर्सं झाले आपल्याले राहून, काही झालं काय?”

“मांगच्या पावसायात फरशीले भेग नाही गेली?”

“भेग सगळ्याच फरशीले जाते.”

“कपाट कलंडते म्हनून तुमी त्याच्या पायाखाली पुठ्ठा ठेवला. तो कायले?”

धनसिंग कपाटाकडं पाहत राहिला आणि मग हात धुवायला गेला.

दुसऱ्या दिवसापासून उर्वशीचा पाय घरात टिकेना. मशीन तिनं ओढत ओटीवर आणली. खोलीतून जायचं झालं तर भिंतीला धरून जायची. गिऱ्हाईक बाया मापं द्यायला आल्या की त्यांनाही ओटीवरच उभं करायची. शिवताना टाके वाकडे पडत, उसवून पुन्हा घालावे लागत. भाजीला फोडणी दिली की गॅस बंद करून मध्येच स्लॅबवर जाऊन यायची. जणू विहीर जागा बदलेल आणि ती पाहून ठेवायला हवी.

मानीबाईला त्यात काही वावगं वाटत नव्हतं. तिचे आजे-पणजे बैलांच्या पाठीवर मीठ आणि धान्य लादून देशोदेशी फिरलेले. “आपले लोक जिथं पानी तिथं उतरत,” ती म्हणाली. “तुले घराखालीच भेटलं तं रडून राह्यली.”

“याडी, उतरनं वेगळं. वर स्लॅब टाकून बसनं वेगळं.”

पण तिला खरी रुखरुख विहिरीची नव्हती. कशाची ते हळूहळू कळलं. तांड्यावरून गावात येऊन घर बांधणारे तिच्या नात्यात ते पहिलेच. जागा मोकळी होती, मुरूम टाकून सपाट केलेली. ज्याच्याकडून घेतली तो पुढं नागपूरला गेला आणि तिकडंच वारला. गावाच्या मधोमध अशी जागा इतकी वर्षं कोणी कशी घेतली नाही, असा विचारही तेव्हा मनात आला नव्हता. उलट धनसिंग सगळ्यांना सांगायचा, आपलं नशीब. पाया खणताना शेजारीपाजारी येऊन उभे राहायचे. मैनाकाकू, म्हणजे पुंडलिकरावांची बायको, मिस्त्री-मजुरांना माठातलं पाणी आणून द्यायच्या. कॉलमचे खड्डे चार कोपऱ्यांत पडले, मधल्या जागेला कुदळ लागली नाही. ते सगळे लोक तिथं उभे होते.

तिसऱ्या दिवशी ती पुंडलिकरावांकडं गेली.

पुंडलिकराव पलंगावर बसून शेंगा सोलत होते. मैनाकाकू खाली तूर निवडत बसल्या होत्या. उर्वशीनं मोबाइल पुढं केला तसा म्हाताऱ्याचा चेहरा उजळला. चष्मा वर-खाली करत त्यांनी फोटो कितीतरी वेळ पाहिला.

“सकायचं ऊन हाये हे,” ते म्हणाले. “थंडीतलं. पाह्य, घागरीवर कशी चमक आली. अशी चमक दुपारच्याले नाही भेटत.”

“काकाजी, इहीर कुठं होती हे?”

“अन् हे कोन हाये, ओयखलं काय?” त्यांनी हसणाऱ्या बाईवर बोट ठेवलं. “मैना हाये! नवीन नवीन आलती तवा. रोज दोन खेपा कराची तुह्या घरच्या इहिरीवरून.”

‘तुह्या घरच्या’. हे ते इतकं सहज म्हणाले की उर्वशीला आधी ऐकू आलं आणि अर्थ मागून लागला.

“म्हनजे माह्या घराखालीच हाये?”

“मंग? तुह्या बैठकीत. नळ आले, तशी कोनी पानी काढेना. बेडकं झाले, एकडाव कोनाचं तरी वासरू पडलं. मंग मालकानं माती-गोटे टाकून बुजवली.”

“कोनी बुडालं होतं काय तिच्यात? खरं सांगा.”

“नाही व. वासरूही जितं काढलं होतं.”

मैनाकाकूंच्या हातातलं सूप थांबलं होतं. त्या वर पाहत नव्हत्या. मग एकदम उठल्या, “दूध उतू जाईन,” म्हणाल्या आणि आत गेल्या. दूध सकाळीच तापवून झालं होतं. फडक्याखाली झाकलेलं पातेलं उर्वशीला समोर दिसत होतं.

ती घरी आली आणि धनसिंगला म्हणाली, “फरशी फोडाची.”

धनसिंग दोन दिवस टाळत राहिला. मग त्यानं चुलतभाऊ रामधनला बोलावलं. तो यवतमाळला मिस्त्रीकाम करायचा. रामधननं फरशीवर कान लावला, टाच आपटली, आणि घण उचलला. मानीबाईनं कपाटातल्या साड्या पोटाशी धरून ओटीवर नेल्या. पहिल्या फरश्या निघाल्या, खाली मुरूम. मुरमात पहार घातली, हातभर गेली आणि एकदम सुटली. रामधनचा तोल गेला, धनसिंगनं त्याला मागून धरला.

पुढचं काम त्यांनी खोलीच्या कडेनं, फळ्या टाकून केलं. दुपार टळेपर्यंत काळ्या दगडांचं गोल कडं उघडं पडलं. वरचा काठ कधीच काढून टाकलेला, पण आतली बांधणी शाबूत होती. भरलेली माती वर्षानुवर्षं बसत बसत खाली गेली होती. वर फरशी आणि मुरमाचा थर, खाली माती, आणि दोहोंच्या मध्ये कंबरभर पोकळी. त्यातून थंड, शेवाळी वास वर आला.

“वयनी, तू म्हनत होती ते बरोबर,” रामधन कपाळ पुसत म्हणाला. “अजून वीस वर्सं राह्यलं असतं, नाही तं उद्याच गेलं असतं. काही सांगता नाही येत.”

आपली आई रोज कुठं लवंडायची ते धनसिंगनं पाहिलं आणि तोंडावरून हात फिरवला.

अर्ध्या तासात गल्ली घरात आली. बाया पदर सावरत वाकून पाहू लागल्या, कोणी मोबाइलवर फोटो काढू लागलं. माझी आजी इथूनच पाणी नेत होती, माझा बाप लहानपणी इथंच घसरून पडला होता, असं ज्याचं त्याचं सुरू झालं. कोणाच्याच बोलण्यात नवल नव्हतं. हरवलेली वस्तू ठेवली होती तिथंच सापडावी, तसं सगळे बोलत होते. उर्वशी एकेकाचं तोंड पाहत फिरत होती. याला मालूम होतं. हिलाही मालूम होतं. संक्रांतीला हिच्या कपाळाला कुंकू लावलं, तेव्हा ही याच फरशीवर बसली होती.

मैनाकाकू सगळ्यांत शेवटी आल्या. गर्दी ओसरल्यावर. दाराच्या चौकटीला धरून उभ्या राहिल्या.

“तुमी पानी देलं होतं मिस्त्र्याइले,” उर्वशी म्हणाली. तिचा आवाज तिलाच अनोळखी वाटला. “पायवा खनत होते तवा. देलं होतं का नाही?”

“देलं होतं.”

“मंग बोलल्या काहून नाही?”

काकू चौकटीचा रंग नखानं खरवडू लागल्या.

“माही सासू झोपते इथं. माह्या पोरी रांगल्या इथं. आता होस्टेलातून सुट्टीत येतीन तं इथंच आंथरूण टाकतीन. तुमी येऊन बसत होत्या, चहा पीत होत्या, अन् तुमाले मालूम होतं.”

“होतं,” काकू म्हणाल्या आणि मग त्यांचा बांध सुटला. “पयले वाटलं, आपल्याले काय करा लागते? तांड्यावरचे लोक हायत, पाहून घेतीन आपलं आपन. कोनी सांगून वाईट व्हावं? कोनीच नाही बोललं, मीही नाही बोलली. मंग तू घरी याले लागली. माहं ऑपरेशन झालं तवा सुना पुण्याले होत्या, तूच तं होती दवाखान्यात माह्यापाशी. मंग कोन्या तोंडानं सांगू, का बाई तुह्या घराखाली इहीर हाये अन् मले पयल्या दिवसापासून मालूम हाये? लाज वाटे. रोज वाटे आज सांगाव, रोज लाज वाटे.”

उर्वशीला रडू येईल असं वाटलं होतं. आलं नाही. त्या सगळ्या बोलण्यातले तीनच शब्द तिच्या कानात राहिले. तांड्यावरचे लोक हायत.

“जा तुमी,” ती म्हणाली.

विहीर भरायला बरेच दिवस लागले. ट्रॉलीभर ट्रॉलीभर मुरूम आला. रामधननं तो थरावर थर टाकून पाणी मारत धुमसानं ठोकला. काही दिवस बसू दिला, खचला तिथं पुन्हा भरला. मग वर सळई बांधून काँक्रीट ओतलं. तोवर स्वयंपाक ओटीवर, झोपणं ओटीवर. आता इथं रणगाडा उभा केला तरी हलणार नाही, असं रामधन छातीवर हात मारून सांगून गेला.

तरी उर्वशीला थारा नव्हता. नवी फरशी पुसताना तिचा हात भरभर चाले. बोळीतून मैनाकाकूंचा आवाज आला की ती खिडकी लावून घेई. गावात मापं आणायला गेली तरी प्रत्येक दुकानापुढं तिला वाटे, याच्याखाली काय आहे? आणि याला माझ्याबद्दल अजून काय काय मालूम आहे, जे हा सांगत नाही?

“इकून टाकू हे घर,” ती एका सकाळी धनसिंगला म्हणाली. तो युनिफॉर्मची बटणं लावत होता.

“इकू. गिऱ्हाइकाले सांगशीन काय?”

“काय?”

“इहिरीचं. का आपनही फरशी लावून गप्प बसाचं?”

त्यानं ते टोचायला म्हटलं नव्हतं, खरंच विचारलं होतं. उर्वशी भांडी घासायला बसली. घासलेली भांडी पुन्हा घासली. तो बॅग घेऊन निघाला, तेव्हा मोरीतूनच ओरडली, “सांगीन!”

गिऱ्हाईक लवकरच लागलं. बाभुळगावकडचा एक मास्तर, राळेगावच्या शाळेत बदलून आलेला, आणि त्याची तरुण बायको. दोघंही भिडस्त. धनसिंग पुढं होऊन पाण्याची टाकी, लाइटचं मीटर, जिना असं दाखवू लागला. उर्वशीनं त्याला मध्येच थांबवलं. पाहुण्यांना बसायलाही न सांगता तिनं मोबाइल त्या बाईच्या हातात दिला.

“हे पाहा आधी. ही इहीर तुमी उभ्या हाय तिथं होती. बुजवलेली होती, पन कच्ची. आमाले मालूम नव्हतं. आता पक्की भरली. पन होती.”

मास्तर चटकन दोन पावलं मागं झाला. त्याची बायको मात्र जागेवरच उभी राहून फोटो पाहत राहिली. तिनं तो मोठा केला, त्या हसणाऱ्या बाईवर थांबली.

“पानी गोड होतं काय हो?” तिनं विचारलं.

धनसिंगनं उर्वशीकडं पाहिलं. उर्वशीनं मानीबाईकडं पाहिलं. कोणालाच माहीत नव्हतं. इतक्या दिवसांत त्या विहिरीबद्दल तिनं जागा विचारली होती, कोणी बुडालं का ते विचारलं होतं, कोणाकोणाला ठाऊक होतं ते विचारलं होतं. पाण्याची चव विचारायचं सुचलंच नव्हतं.

ती बाई उत्तराची वाट पाहत उभी होती. उर्वशी स्वयंपाकघरात गेली, खिडकीची कडी काढली.

“काकू!”

पलीकडं काहीतरी खाली ठेवल्याचा आवाज झाला. मैनाकाकू लगबगीनं खिडकीपाशी आल्या. महिनाभरात पहिल्यांदाच हाक ऐकत होत्या.

“पानी कसं होतं इहिरीचं? गोड का मचूळ? लोक इचारून राह्यले.”

“गोड,” काकू म्हणाल्या. “तुरीची डाय एका उकळीत शिजे. उन्हायात सगळ्या गावाच्या इहिरी खोल जात, हे नाही जाये. आमी घरच्या इहिरीचं पानी जनावराइले देत होतो अन् प्याले इथून आनत होतो.” मग जरा थांबून त्यांनी विचारलं, “कोन आलं?”

“घर पाहाले आले.”

काकूंचा चेहरा पडला. उर्वशी पाहुण्यांकडं परत गेली. पण खिडकी लावली नाही.

मास्तर आणि त्याची बायको चहा घेऊन गेले. फोन करतो म्हणाले. पुढचे दोन-तीन दिवस उर्वशीचे हाल झाले. फोन वाजला की ती हातातलं काम टाकून धावायची, आणि नाही वाजला तरी ती उचलून पाहायची. त्यांनी नको म्हणावं असं वाटत होतं, आणि नको म्हणाले तर आपल्या घराला कोणी नाकारलं म्हणून संतापही येणार होता. मशीन तिनं आत आणली, पुन्हा ओटीवर नेली. मानीबाई वैतागली. “एका जागी ठेव नाही तं इकून टाक,” म्हणाली.

फोन आला तो रविवारी, धनसिंगला सुट्टी असताना. तो दोन मिनिटं “हो, हो” करत राहिला आणि मग फोन छातीशी दाबून म्हणाला, “मास्तरीनबाईले पसंत हाये. म्हनते, ज्यानं आधी वाईट सांगितलं त्याचं घर घ्याले हरकत नाही. बापाले घेऊन येतो म्हनते. काय सांगू?”

उर्वशी सुईत दोरा ओवत होती. दोरा नेढ्याशीच अडला.

“नाही म्हना.”

“आँ?”

“नाही इकाचं म्हना. काहून ते मले पुसू नका. मलेच मालूम नाही.”

धनसिंगनं तसं सांगितलं, कसंबसं, माफी मागत. फोन ठेवून तो तिच्याकडं वळला. पण ती तोवर उठून स्लॅबवर कपडे काढायला गेली होती. ऊन कलतं झालं होतं, एका बाजूनं ढग चढत होते. खाली पुंडलिकरावांच्या अंगणात मैनाकाकू तुरीच्या शेंगा पसरत होत्या. त्यांनी वर पाहिलं.

“इकलं काय व घर?” त्यांनी विचारलं. आवाज चढवूनही तो भीतभीतच आला.

उर्वशी साडीची घडी घालत राहिली. मनात अजून खूप काही होतं, आणि ते एका दिवसात निघणारं नव्हतं. कधीतरी ती काकूंशी कडकडून भांडणार होती, आणि तांड्यावरचे लोक म्हणजे काय, ते त्यांच्याच तोंडून पुन्हा वदवणार होती.

“नाही इकलं,” ती वरून म्हणाली. “शेंगा उचलून ठेवा. आभाळ आलं.”